वसुबारसेचं जांभळं पाणी

आमच्या इमारतीची लिफ्ट जिथं उभी आहे, तिथं आमच्या हरणी गाईची गव्हाण होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे एकदा सांगितलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "आजी, मग ती सारखी बसून का राहते ते आज कळलं." पुण्यात राहायचं म्हणजे एवढं ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा मात्र धायरी पुण्यात नव्हती. पुण्याला जायचं असलं की आप्पा, म्हणजे माझे वडील, धुतलेलं धोतर नेसायचे आणि गल्लीत दोघाचौघांना सांगून निघायचे. आता पुणेच आमच्या दारात येऊन बसलं आहे, आणि कुणालाही न सांगता आलं आहे.

आमचं घर कौलारू, बुटकं, चार खोल्यांचं. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीला हातभर रुंदीची खिडकी होती. माझ्या लहानपणचे सगळे आवाज त्या खिडकीतून यायचे. सकाळी रिकाम्या बादलीत पडणाऱ्या धारेचा पातळ आवाज, बादली भरत आली की तोच आवाज जाड व्हायचा. दुपारी साखळीची खळखळ, शेपटीचे फटके, आणि सगळं शांत झालं की हरणीचं रवंथ. आई भाकऱ्या थापताना तिचे हात त्या रवंथाच्या लयीत चालायचे असं मला वाटायचं. पहिली भाकरी तव्यावरून उतरली की ती खिडकीतून पलीकडे जायची. मग आप्पांची, मग आमची. हा क्रम कुणी मोडला नाही. आप्पा कधी कधी म्हणायचे, "या घरात माझा नंबर दुसरा हाय," आणि त्यात थट्टा किती आणि खरं किती हे आईला विचारण्याची त्यांची छाती नव्हती.

हरणीचं मूळ आईच्या माहेरचं. तिची आई आईच्या लग्नात आंदण म्हणून आली होती, आणि हरणी आमच्या गोठ्यात जन्मली. बैल आप्पांचे, जमीन आप्पांची, पण गाय आईची. तिच्याबद्दल काहीही ठरवायचं असलं की आप्पा हात वर करत. हरणी तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा चांदवा, आणि स्वभावानं इतकी गरीब की परक्या माणसानं कास धरली तरी पाय उचलायची नाही. म्हणूनच वसुबारसेला आमच्या गोठ्यात गर्दी व्हायची. सिंहगड रस्त्याच्या बाजूला तेव्हा नुकत्याच दोन-तीन वसाहती झाल्या होत्या. तिथल्या बायकांना सण होते, पण सणाला लागणारी गाय नव्हती. मग त्या रेशमी साड्या सावरत, आमच्या गल्लीतलं शेण चुकवत, ताटं घेऊन यायच्या. गावात सवत्स धेनू असलेले गोठे पाच-सहा तरी होते, आणि पुण्य जास्त मिळावं म्हणून त्या एकावरून दुसऱ्यावर जायच्या. आईला त्या दिवसाचा फार अभिमान होता. एरवी दूध घालायला त्यांच्या दारात जाणाऱ्या आईच्या दारात त्या दिवशी त्या यायच्या.

त्या दिवशी आमच्या घरात दूध, दही, तूप, गहू काही चालायचं नाही. दुधाच्या घरात दूध नाही. बाजरीची भाकरी, गवारीची भाजी आणि वर कच्चा कांदा. मला ते जेवण फार आवडायचं आणि आजही मी त्या दिवशी तेच करते. सून म्हणते, "आई, गवार तुम्हालाच पुरेल एवढीच करा." गाईसाठी मात्र उडदाचे वडे असायचे, आणि ते तळायला लागले की आम्हां मुलांना स्वयंपाकघरातून हाकललं जायचं.

येणाऱ्या बायकांमध्ये सबनीसबाई होत्या. त्या आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायच्या. सडपातळ, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली, बोलणं हळू. त्यांना मूल नव्हतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडावर कुणी बोलत नसे. मी आठ-नऊ वर्षांची असेन, त्या वर्षी भाद्रपदात हरणी व्याली. कालवड झाली, हरणीसारखाच कपाळावर चांदवा असलेली. आम्ही तिचं नाव चिंगी ठेवलं. पहिल्या चिकाचा खरवस आईनं वेलची घालून वाफवला आणि पहिली वाटी सबनीसबाईंकडे माझ्या हातून पाठवली. तेव्हापासून बाई रोज शाळा सुटली की गोठ्यात यायला लागल्या. चिंगी त्यांचा तळहात चाटायची आणि बाई चष्मा काढून डोळे पुसायच्या. आई त्या वेळी मुद्दाम चुलीशी काहीतरी काम काढायची.

घट बसले होते, तेव्हा जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. पोरगेलेसे होते. सायकलला बर्फाचा डबा बांधलेला, त्यात लशीच्या बाटल्या. ते आईला म्हणाले, "वहिनी, नदीपलीकडे खुरकूत आली आहे. तोंडात फोड, खुरात फोड. मोठं जनावर एखादे वेळी निभावतं, पण लहान वासरू टिकत नाही. आजच टोचून घ्या."

आईनं विचारलं, "मानंला गाठ येती ना पर?"

"येते एखादीला, सुपारीएवढी. आपोआप जिरते."

"मग वसुबारस हू द्या. पुजंची गाय हाय ती. अंगावर गाठ घिऊन पुजंला हुबी करू व्हय? पुजंचं जनावर अव्यंग लागतं."

डॉक्टर म्हणाले, "वहिनी, रोग वसुबारस होईपर्यंत थांबत नाही."

"यील कुठनं? आमची हरणी गोठ्याभाईर पाऊल टाकत न्हाई."

"ती नाही टाकत. पण माणसं आत येतात ना? हा रोग हाताला, पायाला, कपड्याला लागून येतो."

आई हसली. म्हणाली, "आमच्याकडं येत्यात ती मानसं पुजंला येत्यात."

डॉक्टरांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पा म्हणाले, "गाय तिची हाय. माझं बैल टोचा." बैलांचा पोळा होऊन गेला होता, त्यामुळे त्यांच्या मानेवर गाठ आली काय आणि न आली काय. बैलांना टोचलं आणि डॉक्टर मान हलवत पुढच्या घरी गेले. आई काही अडाणीपणानं असं वागली नाही, हे मला इथं लिहून ठेवायचं आहे. देवाला वाहायचं फूल आपण हुंगत नाही, तसंच ते तिच्या मनात होतं. रोगाला ती मानत होती, पण पूजेतून रोग येईल हे तिच्या मनाला शिवणंच शक्य नव्हतं.

वसुबारसेला आईनं गोठा सारवला, दारात रांगोळी काढली. हरणीच्या शिंगांना तेल, गळ्यात झेंडूची माळ. चिंगीच्याही गळ्यात माळ घातली होती आणि ती माळच खायला बघत होती. दिवे लागायच्या आधी बायका यायला लागल्या. आई कुंकवाचा करंडा घेऊन दाराशी उभी होती, हिरव्या लुगड्यात. मी तिच्या शेजारी अक्षतांची वाटी धरून. सबनीसबाई जरा उशिरा आल्या. आल्या आल्या हसत म्हणाल्या, "शेवंताबाई, आज गंमतच झाली. त्या वरच्या आळीतल्या गोठ्यात जाऊन आले. तिथल्या गाईनं वडा तोंडात घेतला आणि परत माझ्या हातावरच सोडला. तोंडाला नुसता फेस. मी म्हटलं, हिचाही उपास दिसतोय."

आईच्या हातातला करंडा थांबला. माझी नजर तिच्या हातांच्याच उंचीवर होती, त्यामुळे मला तिची बोटं दिसली. ताटात एका कडेला तो वडा होता, अर्धवट चावलेला, ओला. बाईंनी तो टाकला नव्हता. नैवेद्य टाकायचा कसा?

आई म्हणाली, "बाई, जरा…"

"काय हो?"

एवढंच विचारलं बाईंनी, चष्म्यातून बघत, इतक्या प्रेमानं. मागं चार बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. सणाच्या दिवशी, सवाष्णीला, त्यातून शाळेतल्या बाईंना, आमच्यासारख्यांनी म्हणायचं की आधी हात धुवा, ताट बाहेर ठेवा, आत येऊ नका? आईच्या गळ्यापर्यंत ते आलं असणार. मग ती म्हणाली, "काही न्हाई. या."

बाईंनी हरणीच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं आणि तो वडा हरणीला दिला. हरणीनं खाल्ला. मग त्यांनी चिंगीपुढे तळहात धरला आणि चिंगीनं तो नेहमीसारखा चाटला. आई बघत होती. त्या दिवशी तिनं गवारीची भाजी केली, पण ती जेवली नाही. उपास आहे म्हणाली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी खिडकीतून रवंथ ऐकू येईना. आई हात पिठात तसेच ठेवून बराच वेळ बसून राहिली. पाडव्याच्या सकाळी आवाज आला, पण तो रवंथाचा नव्हता. मचमच, मचमच, जिभेनं टाळू चाटल्यासारखा. आम्ही धावलो. हरणीच्या तोंडातून लाळेच्या तारा जमिनीपर्यंत लोंबत होत्या. ती एक पाय उचलायची, झटकायची, ठेवायची, मग दुसरा उचलायची. कासेवर फोड होते. चिंगी भुकेनं ढुशी मारायला गेली आणि हरणीनं, त्या गरीब हरणीनं, आयुष्यात पहिल्यांदा लाथ झाडली. मग लगेच मान वळवून ती वासराला चाटायला बघत होती आणि फोडांनी भरलेली जीभ तिला बाहेर काढवत नव्हती. जनावराला बोलता येत नाही हे आपण म्हणतो. त्या सकाळी मला तसं वाटलं नाही.

डॉक्टर आले. त्यांनी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही आणि त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. त्यांनी पोटॅशचं, म्हणजे जंतू मारणाऱ्या काळपट दाण्यांचं, जांभळं पाणी करून तोंड आणि खुरं धुवायला शिकवलं, जिभेला लावायला औषध दिलं, मऊ पेज द्या म्हणाले. वासराला वेगळं बांधा, बाहेरचं कुणी आत येऊ देऊ नका, तुम्हीही दुसऱ्याच्या गोठ्यात जाऊ नका. आईनं विचारलं, "वासरू?" डॉक्टर चिंगीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत होते. "बघू," एवढंच म्हणाले. दिवाळीचा फराळ डब्यात राहिला. आमच्या घरात फिनेलचा आणि नासलेल्या पेजेचा वास भरला होता, आणि बाहेर गल्लीत फटाके वाजत होते.

भाऊबीजेच्या सकाळी चिंगी उभी होती. आप्पांनी बाटलीनं पाजलं ते तिनं थोडं घेतलं. आईला हायसं वाटलं, ती आंघोळीला गेली. मी चिंगीसमोर बसले होते. ती दोन पावलं चालली, गुडघ्यांवर आली आणि आडवी झाली. ओरडली नाही, तडफडली नाही. मला वाटलं झोपली. माळ अजून गळ्यात होती, सुकलेली. आई ओल्या केसांनी आली आणि तिला हात लावल्याबरोबर तिला कळलं. ती रडली नाही. तिनं माळ काढली आणि मुठीत धरून ठेवली.

त्याच दुपारी मामा ओवाळणीला आला. त्याच्या घरी चार गाई होत्या. आई अंगणाच्या कुंपणापाशी धावली आणि ओरडली, "दादा, तिथंच थांब! आत येऊ नगो. तुझ्या गोठ्याला लागंल." तिनं कुंपणाच्या अलीकडून ओवाळलं, तबक हवेतच फिरवलं. मामाच्या कपाळाला टिळा लागलाच नाही. कुंपणापासूनच परत गेलेल्या भावाकडे बघत ती तिथंच मटकन खाली बसली आणि मग रडली. आप्पा म्हणाले, "आगं, जीव हाय, जातो." आई म्हणाली, "सख्ख्या भावाला म्हनता आलं. तवा न्हाई आलं."

चिंगीला आप्पांनी बांधाला खोल खड्डा करून मीठ-चुना घालून पुरलं. कुणीतरी सांगत आलं की कातड्यात पेंढा भरून हरणीपुढे उभं करा, म्हणजे ती दूध देईल. तशी रीतच होती. आईनं नुसतं त्या माणसाकडे पाहिलं आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी सबनीसबाई कुंपणाशी आल्या. आईनं त्यांना बाहेरच थांबवलं आणि चिंगी गेल्याचं सांगितलं. बाई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. "परवा तर माझा हात चाटत होती हो," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "काय झालं तिला?"

आई म्हणाली, "तान्हं वासरू व्हतं, बाई. थंडी बाधली."

मी बोलायला तोंड उघडलं. तिनं माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला. बाई गेल्यावर मी म्हणाले, "तू खोटं का बोललीस?" आई म्हणाली, "ती निवद घिऊन आली व्हती. तिला सांगू, तू इख घिऊन आलीस म्हून? तिला लेकरू न्हाई, सुमे. ती त्याच्यावर जीव लावून व्हती." मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं, "आन सुई नगं कोन म्हनलं व्हतं?"

हरणी जगली. पण उन्हात ती कुत्र्यासारखी धापा टाकायची, अंगावर केस वाढले, दूध निम्म्यावर आलं. पुढच्या वर्षी डॉक्टर दिसताच आई त्यांच्या सायकलला आडवी गेली. हरणीच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली आणि वसुबारसेला आईनं त्या गाठीला सगळ्यात आधी हळदकुंकू लावलं. दाराशी तिनं एक परात ठेवली होती, पोटॅशच्या जांभळ्या पाण्यानं भरलेली. जी बाई येईल तिचे पाय ती स्वतः धुवायची, मग हात. ताट उंबऱ्याबाहेरच घ्यायची. बायका संकोचायच्या. सबनीसबाई तर मागंच सरल्या. "अहो शेवंताबाई, पाय काय धुता माझे!" आई खाली बसलेली, मान वर न करता म्हणाली, "रीत हाय आमच्यात."

अशी कुठलीही रीत आमच्यात नव्हती. पण दोन-तीन वर्षांत ती झाली. वसाहतीतल्या बायका एकमेकींना सांगायच्या, गावात अजून सवाष्णीचा किती मान ठेवतात, शिका काहीतरी. आई ऐकायची आणि पाय धुवायची. सबनीसबाई एकही वर्ष चुकल्या नाहीत. पाय धुवून घ्यायच्या, ताट आईच्या हातात द्यायच्या आणि लांबूनच नमस्कार करायच्या. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून त्या खाली वाकत नसतील असं मी धरून चालले होते. हरणी गेली, तिच्यामागून आप्पा गेले, गोठ्याच्या जागी इमारत आली, पण वसुबारसेला आई इमारतीखाली परात मांडतच राहिली. आई शेवटपर्यंत म्हणायची, "बाईस्नी कळू दिऊ नगो." शेवटच्या दुखण्यात तिला माझं नाव आठवत नव्हतं, पण हे आठवत होतं.

हल्ली वसुबारसेला आमच्या सोसायटीत टेम्पोतून गाय-वासरू येतं. तासाभरात पूजा, फोटो, आणि टेम्पो पुढच्या सोसायटीत. मी गाडीवाल्याला दरवर्षी विचारते, लस टोचली का, आणि गाईच्या कानातला पिवळा बिल्ला बघून येते. तो म्हणतो, "मावशी, तुम्ही काय सरकारी हाय का?" आई गेल्यानंतरच्या पहिल्या वसुबारसेला मी खाली बादली ठेवली, नुसत्या पाण्याची. औषध आणायचं राहूनच गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर आता कुणासाठी आणायचं असं झालं होतं. सबनीसबाई आल्या, काठी टेकत, त्यांच्या भाचीचा हात धरून. चप्पल काढून बादलीपाशी उभ्या राहिल्या. मी तांब्या उचलला.

त्यांनी पाण्यात पाहिलं. म्हणाल्या, "पोटॅश नाही घातलंस?"

मी तांब्या परत बादलीत ठेवला.

"अगं, मी विज्ञान शिकवायचे," बाई म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी, परातीत पाय ठेवला आणि सगळं कळलं. वरच्या आळीतली ती गाय, तो वडा, माझा हात. तिथं उभ्या उभ्या कळलं. शेवंताबाई माझे पाय चोळत होत्या आणि वर बघत नव्हत्या. मला कळू नये म्हणून किती जपत होत्या. मग मी कशी सांगणार, की मला कळलंय?"

"आईला शेवटपर्यंत…" मी म्हणाले. मला फार रडू आलं. दोघी म्हाताऱ्या झाल्या, तरी दरवर्षी एक पाय धुवत राहिली आणि एक धुवून घेत राहिली, आणि आई हे न कळताच गेली.

मी वर जाऊन आईच्या फडताळातली बाटली शोधली. तळाशी थोडे दाणे होते. ते पाण्यात टाकले, पाणी जांभळं झालं, आणि मी खाली बसून बाईंचे पाय धुतले, मग हात. त्यांनी भाचीकडचं ताट माझ्या हातात दिलं आणि लांबूनच नमस्कार केला. टेम्पोवाल्याचं वासरू दोरीला ओढ देत पुढं आलं आणि त्यानं बाईंच्या ओल्या हाताकडे तोंड केलं. बाईंनी मूठ मिटली आणि हात पदराखाली घेतला.